व्यत्ययाची वेळ : इंग्रज लेखकांचे दिनक्रम आणि फेरफटके

लेखकाच्या दिवसाचे सर्वसाधारणपणे दोन भाग पाडले जातात. मेजापाशी बसून लिहिण्याचे तास कामाचे मानले जातात, आणि फेरफटका, पत्रव्यवहार, भेटीगाठी, खेळ, दुपारची झोप हा उरलेला दिवस विश्रांतीचा किंवा कामात येणाऱ्या अडथळ्यांचा समजला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या अनेक इंग्रज लेखकांच्या दिनक्रमांची तपशीलवार माहिती त्यांच्या रोजनिशांतून, पत्रांतून, आत्मचरित्रांतून आणि कुटुंबीयांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून मिळते, आणि ती एकत्र ठेवून पाहिली की ही विभागणी फारशी टिकत नाही. फिरायला गेलेला लेखक अनेकदा लेखनातला सर्वांत अवघड भाग पार पाडत असतो, तर मेजापाशी बसलेला लेखक पुष्कळदा आधीच मनात तयार झालेला मजकूर केवळ कागदावर उतरवत असतो. रस्त्यावरची जी गजबज एखाद्या लेखकाला सकाळी असह्य होते, तिच्यावाचून त्याच लेखकाचे दुपारनंतर अडते. व्यत्यय हा आवाजाचा, माणसाचा किंवा वस्तूचा अंगभूत गुण नसून तो मुख्यतः अवेळी येण्यातून निर्माण होतो, आणि दिनक्रम म्हणजे अशा प्रत्येक गोष्टीला तिची वेळ नेमून देण्याची व्यवस्था होय, असे या माहितीवरून म्हणता येते. ही व्यवस्था कशी उभी राहिली, तिच्यात चालण्याचे स्थान कोणते होते आणि ती कोणाच्या श्रमांवर उभी होती, हे तीन प्रश्न त्यामुळे एकमेकांशी जोडलेले आहेत.

छापखान्याचे घड्याळ

लेखक हा लहरी असतो आणि स्फूर्ती येईल तेव्हाच लिहितो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बरीच रुजलेली होती. त्याच शतकात छपाईचा धंदा मात्र अशा दिशेने वाढत गेला की व्यावसायिक कादंबरीकाराला लहरीपणा परवडेनासा झाला. चार्ल्स डिकन्स याची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६ पासून मासिक भागांत प्रसिद्ध होऊ लागली. बत्तीस पृष्ठांचा मजकूर आणि सोबत चित्रे असा एक भाग एका शिलिंगाला मिळे, आणि एकदम पूर्ण ग्रंथ घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते असा मोठा वाचकवर्ग या पद्धतीने कादंबरीला लाभला. कादंबरीचा शेवट लिहून होण्यापूर्वीच तिचा आरंभ वाचकांच्या हाती पडत असल्याने एखादा महिना चुकवण्याची सोय लेखकाला उरली नाही. पुढे डिकन्सने ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ (१८५०) आणि ‘ऑल द इयर राउंड’ (१८५९) ही साप्ताहिके चालवली, तेव्हा हे बंधन महिन्यावरून आठवड्यावर आले. महाराष्ट्रात हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू करून त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या, तेव्हा संपादक आणि कादंबरीकार या दुहेरी भूमिकेतून त्यांच्यावरही याच जातीचे बंधन आले होते.

या बंधनाला डिकन्सने दिलेले उत्तर म्हणजे त्याचा काटेकोर दिनक्रम होय. सकाळी नऊच्या सुमारास तो अभ्यासिकेत जाई आणि दुपारी दोनपर्यंत तेथे बसे. एखाद्या दिवशी भरपूर मजकूर हाती लागे, एखाद्या दिवशी एक ओळही लिहून होत नसे, तरी बैठक मोडायची नाही हा त्याचा नियम होता. शहरातला कोणताही कारकून त्याच्याइतका नियमित नसेल, अशा आशयाची नोंद त्याच्या थोरल्या मुलाने करून ठेवली आहे. मेजावर तलवारीने द्वंद्व खेळणाऱ्या दोन काशाच्या बेडकांसारख्या काही वस्तू ठरलेल्या जागी मांडलेल्या असत, आणि घरात संपूर्ण शांतता राहावी म्हणून एका घरात त्याने अभ्यासिकेला जादा दारही बसवून घेतले होते.

अँथनी ट्रोलप (१८१५–१८८२) याने हीच पद्धत आणखी पुढे नेली. तो १८३४ मध्ये टपाल खात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत त्या नोकरीत होता. ब्रिटिश टपाल खात्याने १८५२ मध्ये चॅनेल बेटांवर रस्त्यालगत पत्रपेट्या उभारल्या, त्या त्याच्याच शिफारशीवरून. नोकरी सांभाळून लिहायचे तर दिवसाची पहाट तेवढी हाती उरते, म्हणून तो साडेपाचला मेजापाशी बसे आणि तीन तास लिही. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द या गतीने लेखन चाले, आणि ठरलेली वेळ संपण्यापूर्वी एखादी कादंबरी पूर्ण झालीच तर उरलेल्या वेळात पुढची सुरू होई. कामानिमित्त रेल्वेने बराच प्रवास करावा लागत असल्याने गुडघ्यावर पाटी ठेवून डब्यात लिहिण्याची सवयही त्याने लावून घेतली होती. या रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा सारा हिशेब त्याने उघडपणे मांडला, तेव्हा अनेक वाचकांना तो रुचला नाही, कारण शिंप्याने कापड मापावे तसे कादंबरीकाराने शब्द मोजावेत हे स्फूर्तीच्या प्रचलित कल्पनेत बसत नव्हते. तीन तासांत एवढे लिहिता येण्यासाठी लेखकाने उरलेल्या दिवसभर आपल्या पात्रांच्या सहवासात राहिले पाहिजे, असेही ट्रोलपचे म्हणणे होते. शब्दांच्या हिशेबापुढे या मुद्द्याकडे लोकांचे लक्ष गेले नाही, पण मेजावरच्या तासांना मजकूर पुरवणारी जागा मेजापासून दूर असते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

सरळ वाट आणि काटेरी झुडपे

चालता चालता रचना करण्याची रीत कवींमध्ये या कादंबरीकारांच्या आधीपासून रूढ होती. विल्यम वर्ड्‌स्वर्थ १७९९ च्या अखेरीस इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशात ग्रासमिअर या गावी राहायला आला आणि पुढचे आयुष्य त्याने त्याच परिसरात काढले. रायडल माउंट या त्याच्या नंतरच्या घरी आलेल्या एका पाहुण्याने अभ्यासिका पाहण्याची इच्छा दाखवली, तेव्हा मोलकरणीने त्याला पुस्तकांची खोली दाखवून धन्याची अभ्यासिका घराबाहेर असल्याचे सांगितले, ही आख्यायिका त्या काळी बरीच प्रचलित होती. निबंधकार विल्यम हॅझलिट याने १८२३ मध्ये केलेली नोंद अधिक उपयुक्त आहे, कारण तीत चालण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या आहेत. सॅम्युअल टेलर कोलरिज याला उंचसखल जमिनीवरून किंवा झुडपांच्या फांद्या बाजूला सारत जाताना कविता रचणे आवडे, तर वर्ड्‌स्वर्थ शक्यतो खडी टाकलेल्या सरळ वाटेवर येरझारा घालत रचना करी, म्हणजे विचाराच्या ओघाला कोठेही अडथळा येत नसे. एकाला अडथळ्याची चालना लागत होती आणि दुसऱ्याला त्याच्या अभावाची गरज होती. वर्ड्‌स्वर्थच्या बाबतीत पावलांचा नियमित ठेका आणि पद्याची लय यांचा मेळ बसत असावा, असे मानायला जागा आहे.

चालण्याचा दुसरा उपयोग म्हणजे साहित्य गोळा करणे, आणि तेथे एकट्याच्या प्रतिभेइतकाच सोबतीचा वाटा असतो. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालत असताना त्यांना डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांचा लांबच लांब पट्टा दिसला. डोरोथीने त्या दिवशीच्या रोजनिशीत त्याचे बारकाईने वर्णन केले. वर्ड्‌स्वर्थने त्यावरची सुप्रसिद्ध कविता दोन वर्षांनी, १८०४ मध्ये लिहिली आणि ती १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कवितेतील दोन ओळी त्याची पत्नी मेरी हिने सुचवलेल्या होत्या. कवितेतला कवी एकटाच भटकत असला तरी त्या फेरफटक्याला बहिणीची सोबत होती, तिच्या डोळ्यांनी टिपलेले तपशील कागदावर आधीच उतरले होते, आणि पाहणे व लिहिणे यांच्यामध्ये दोन वर्षांचा काळ गेला होता.

डिकन्सचे चालणे वेगळ्या प्रकारचे, शहरातले होते. दुपारी दोन वाजता मेज सोडल्यावर तो साधारण तीन तास भरभर चाले, आणि एखादी कादंबरी मनात आकार घेत असली की रात्रीही बाहेर पडे. ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) ही कथा रचत असताना तो लंडनच्या निर्जन रस्त्यांवरून एकेका रात्री १५ ते २० मैल, म्हणजे २४ ते ३२ किलोमीटर, चालत असे. १८५७ मध्ये एका अस्वस्थ रात्री तो लंडनमधील टॅव्हिस्टॉक हाउस या आपल्या घरातून निघून केंट परगण्यातील गॅड्स हिल या दुसऱ्या घरापर्यंत, म्हणजे सुमारे ३० मैल, पायी गेला. निद्रानाशाच्या काळातील अशा भटकंतीवर त्याने १८६० मध्ये एक निबंधही लिहिला, आणि त्यात रात्रीच्या शहरातील बेघर माणसे, तुरुंग, इस्पितळे आणि पूल यांचे चित्रण आहे. या चालण्यातून त्याला पात्रे, गल्ल्या, दुकाने यांचे तपशील मिळत, हे उघड आहे. त्याची गरज किती खोल होती हे मात्र १८४६ मध्ये कळून आले. ‘डॉम्बी अँड सन’ लिहिण्यासाठी तो स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गेला असताना तेथील निसर्ग आणि शांतता त्याला लाभली, परंतु लेखन पुढे सरकेना, आणि गर्दीचे रस्ते नसल्यामुळे हे घडत आहे अशी तक्रार त्याने आपला मित्र आणि पुढे चरित्रकार झालेला जॉन फॉर्स्टर याला पत्रांतून केली. दिवसभर लिहून शिणलेल्या मनाला रात्री ज्या गर्दीत हरवून जाता येई, ती तेथे नव्हती.

केंटमधील वाळूची वाट

दिनक्रम आणि चालणे यांची सांगड अत्यंत नेटकेपणाने घातलेली दिसते ती चार्ल्स डार्विन याच्या घरी. डार्विन शास्त्रज्ञ म्हणून ओळखला जात असला तरी त्याचा बहुतेक दिवस लेखकाचाच होता, आणि सततच्या आजारपणामुळे त्याला बळ मोजूनमापून वापरावे लागे. सप्टेंबर १८४२ मध्ये तो लंडन सोडून केंटमधील डाउन या खेड्यातील घरात राहायला गेला. १८४६ मध्ये शेजारच्या लबक कुटुंबाकडून त्याने जमिनीची एक चिंचोळी पट्टी भाडेपट्ट्याने घेतली, तीवर झाडे लावली आणि तिच्या कडेने वाळू टाकलेली एक वाट करून घेतली. ‘सँडवॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटेवर रोज ठरावीक फेऱ्या घालायच्या असा त्याचा परिपाठ होता. फेऱ्या मोजण्यात लक्ष गुंतू नये म्हणून तो वाटेच्या एका टोकाला गारगोट्यांचा ढीग करून ठेवी आणि फेरी पूर्ण झाली की एक गारगोटी पायाने बाजूला सारी, म्हणजे हिशेब दगडांकडे राही आणि मन मोकळे राही.

त्याचा मुलगा फ्रान्सिस याने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या दिवसाचे वेळापत्रक दिले आहे. सकाळी लवकर एक छोटा फेरफटका आणि न्याहारी झाल्यावर आठ ते साडेनऊ हा कामाचा उत्तम काळ असे. त्यानंतर तासभर टपाल पाहणे आणि घरच्यांकडून पत्रे किंवा कादंबरी वाचून घेणे चाले, मग साडेदहापासून बाराच्या सुमारापर्यंत पुन्हा काम होई. दिवसाचे मुख्य काम येथे संपले असे तो मानी आणि पाऊस असो वा ऊन, कुत्र्याला घेऊन वाळूच्या वाटेवर निघे. दुपारचे जेवण, वर्तमानपत्र, पत्रोत्तरे, विश्रांती, चार वाजता आणखी एक फेरी आणि साडेचार ते साडेपाच थोडे काम असा उत्तरार्ध असे. मेजापाशी जाणारा वेळ एकूण चार तासांच्या आसपास भरतो, आणि ‘द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) सह त्याचे मोठमोठे ग्रंथ याच वेळापत्रकातून बाहेर पडले.

या घरातील लहानसहान व्यत्ययांची व्यवस्था फेरफटक्याइतकीच लक्षणीय आहे. डार्विनला तपकिरीची सवय होती. ती पूर्णपणे सोडण्याऐवजी त्याने तपकिरीची बरणी अभ्यासिकेबाहेर दिवाणखान्याच्या वाटेवरील मेजावर ठेवली, म्हणजे प्रत्येक चिमटीसाठी उठून जावे लागे आणि सवयीला थोडा आळा बसे. बरणीच्या झाकणाचा आवाज घरातल्यांच्या ओळखीचा झाला होता. येणारा पाहुणा आधीच दिसावा म्हणून त्याने अभ्यासिकेच्या खिडकीला आरसा लावून घेतला होता, आणि वाटसरूंची नजर घरात पोचू नये म्हणून घरालगतचा रस्ता खणून खाली घेतला होता. रात्री पत्नी एमा हिच्याशी बॅकगॅमन या सोंगट्यांच्या खेळाचे दोन डाव होत आणि त्यांची नोंद ठेवली जाई. १८७६ मध्ये आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपण २,७९५ आणि एमाने २,४९० डाव जिंकल्याचे मोठ्या आनंदाने कळवले आहे. खेळ, पत्रे, तपकीर, पाहुणे यांपैकी कशालाही या दिवसात मज्जाव नव्हता, प्रत्येकाला त्याची वेळ आणि त्याचे अंतर तेवढे नेमून दिलेले होते.

भिंत उभारून पाहणारे

वेळेऐवजी जागेचा बंदोबस्त करून व्यत्यय टाळण्याचा प्रयत्न इतिहासकार टॉमस कार्लाइल याने केला. लंडनच्या चेल्सी भागात चेनी रो येथील घरात तो १८३४ पासून राहत होता. शेजाऱ्यांचे कोंबडे, पियानो आणि रस्त्यावरचे फेरीवाले यांनी तो हैराण होई, आणि कोंबडे हटवण्यासाठी शेजाऱ्यांशी बोलणी करण्याचे काम त्याची पत्नी जेन हिच्याकडे येई. अखेर १८५३ मध्ये त्याने घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, खिडक्या नसलेली आणि छतातून उजेड येणारी एक आवाजबंद खोली बांधवून घेतली. प्रयोग फसला. जवळचे काही आवाज मंदावले खरे, पण पूर्वी ज्यांच्याकडे लक्ष गेले नव्हते असे नदीवरचे आणि रेल्वेचे दूरचे आवाज तेथे ऐकू येऊ लागले. तरीही प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या चरित्राचे प्रचंड काम त्याने या खोलीत बसून १८६५ मध्ये पूर्ण केले. मन आवाजाची वाटच पाहत बसले की शांततेतही त्याला आवाज सापडतो, हे या खोलीने दाखवून दिले.

याच सुमारास लंडनच्या रस्त्यांवरील संगीत हा सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. दांडा फिरवून वाजवायचे बॅरल-ऑर्गन घेऊन हिंडणारे वादक, त्यांपैकी पुष्कळसे इटलीहून आलेले, घरांसमोर उभे राहून वाजवत आणि बरेचदा निघून जाण्याबद्दलच पैसे मिळवत. गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याने त्यांच्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. १८६४ मध्ये मायकेल बास या संसदसदस्याने यासंबंधी कायदा करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर डिकन्स, कवी टेनिसन, कार्लाइल, कादंबरीकार विल्की कॉलिन्स इत्यादींनी सह्या केल्या. त्या वर्षी झालेल्या कायद्याने घरमालकाला आपल्या कामात अडथळा होत असल्याच्या कारणावरून वादकाला निघून जाण्यास सांगण्याचा अधिकार मिळाला. लोझानमध्ये गर्दीच्या रस्त्यांसाठी झुरणारा डिकन्स रस्त्यावरच्या वादकांविरुद्ध सही करतो, यात वरकरणी विसंगती वाटते. लिहिण्याच्या वेळी खिडकीखाली येऊन उभा राहिलेला रस्ता आणि लेखन आटोपल्यावर आपण होऊन ज्यात शिरायचे तो रस्ता यांतला फरक लक्षात घेतला की ती विसंगती नाहीशी होते.

व्यत्यय हे कधी कधी सोयीचे कारणही ठरते. कोलरिजने ‘कुब्ला खान’ ही अपुरी कविता १८१६ मध्ये प्रसिद्ध करताना प्रस्तावनेत असे सांगितले की १७९७ मध्ये झोपेत सुचलेली दीर्घ रचना तो उतरवून घेत असताना पोरलॉक गावाहून कोणी माणूस कामानिमित्त आला, तासाहून अधिक वेळ थांबला, आणि तोवर उरलेली कविता विरून गेली. अभ्यासकांना या हकिकतीबद्दल बऱ्याच शंका आहेत. ती खरी असो वा रचलेली, अपुऱ्या राहिलेल्या लेखनाचा दोष दार ठोठावणाऱ्यावर टाकण्याची सोय तिने पुढच्या लेखकांना करून दिली, एवढे निश्चित.

चालताना मन काय करते

चालणे आणि सुचणे यांतील संबंधाची शास्त्रीय चर्चा विसाव्या शतकात सुरू झाली. इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस याने १९२६ मधील ‘द आर्ट ऑफ थॉट’ या ग्रंथात सर्जनशील विचाराचे चार टप्पे सांगितले. पहिला पूर्वतयारीचा, ज्यात प्रश्नाचा जाणीवपूर्वक अभ्यास होतो. दुसरा परिपाकाचा, ज्यात प्रश्न बाजूला ठेवलेला असूनही मनाच्या तळाशी त्यावर काम चालू राहते. तिसरा स्फुरणाचा, म्हणजे उत्तर अचानक समोर येण्याचा, आणि चौथा पडताळ्याचा, ज्यात त्या उत्तराची कसून तपासणी होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने आपल्याला कल्पना मेजापाशी न सुचता टेकड्यांवर सावकाश चढताना सुचत असे सांगितले होते, आणि वॉलसच्या विवेचनाला या कथनाचा आधार होता. डार्विनचा दिवस या चौकटीत ठेवून पाहिला तर सकाळचे काम पूर्वतयारीचे आणि दुपारची वाळूची वाट परिपाकाची ठरते. पूर्वतयारीवाचून परिपाक होत नसल्याने नुसते फिरत राहणाऱ्याला स्फुरण लाभेल याची खात्री मात्र ही मांडणी देत नाही.

२०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी चालण्याच्या परिणामाची प्रयोगांनी तपासणी केली. त्यांनी दोन प्रकारच्या विचारांत भेद केला. एखाद्या साध्या वस्तूचे जितके निराळे उपयोग सुचतील तितके सांगणे, म्हणजे एका बिंदूपासून अनेक दिशांना जाणे, हा अपसारी विचार, आणि अनेक सूचनांवरून एकच अचूक उत्तर शोधणे हा अभिसारी विचार. चालण्याने पहिल्या प्रकारात स्पष्ट वाढ झाली, आणि ती वाढ कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्राच्या पट्ट्यावर चालणाऱ्यांतही दिसली, म्हणजे तिचे श्रेय केवळ मोकळ्या हवेला किंवा देखाव्याला देता येत नाही. चालून आल्यावर बसलेल्या स्थितीतही तिचा काही प्रभाव टिकून राहिला. दुसऱ्या प्रकारात मात्र चालणारे किंचित मागे पडले. नव्या शक्यता उघडण्यासाठी फेरफटका आणि त्यांतून एक निवडून वाक्यात बसवण्यासाठी मेज, ही जी वाटणी जुन्या लेखकांनी अनुभवाने बसवली होती, ती या निष्कर्षांशी जुळते.

व्यत्ययाच्या बाजूने पाहता सोफी लरॉय हिने २००९ मध्ये मांडलेली ‘अवधानाचा अवशेष’ ही संकल्पना उपयोगी पडते. एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात कच्चे होते, असा तिचा आशय आहे. डार्विनचे टपाल कामाच्या दोन सत्रांच्या मध्ये ठरलेल्या वेळी उघडले जाई, त्यामुळे हा अवशेष फार साचत नसे. त्याची आजवर ज्ञात असलेली पत्रे सुमारे १५,००० आहेत, तेव्हा पत्रांची संख्या कमी असल्यामुळे त्याला शांतता लाभली असे म्हणता येणार नाही.

वेळ नेमून देण्याचा अधिकार

व्यत्ययाची वेळ ठरवता येणे हा अधिकार आहे, आणि तो सर्वांकडे सारखा नव्हता. जेन ऑस्टिन १८०९ पासून हॅम्पशरमधील चॉटन येथील घरात राहत असताना तिला स्वतंत्र अभ्यासिका नव्हती. तिच्या भाच्याने लिहिलेल्या आठवणींनुसार ती बैठकीच्या खोलीत चटकन लपवता येतील अशा लहान कागदांवर लिही, आणि तेथील एका दाराची करकर तिने दुरुस्त करू दिली नाही, कारण कोणी येत असल्याची सूचना तिला त्या आवाजातून मिळे. अलीकडच्या अभ्यासकांनी या वर्णनातील काही भागाबद्दल शंका घेतली आहे. तरीही ती सकाळची न्याहारी सांभाळी आणि बाकीच्या घरकामाचा मोठा भार बहीण कॅसँड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड उचलत, हे घरच्या व्यवस्थेवरून दिसते, आणि चॉटनमधील वर्षे तिच्या लेखनाला फलदायी ठरण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

ट्रोलपची आई फ्रान्सिस हिने पन्नाशी उलटल्यावर घरखर्चासाठी लेखन सुरू केले. घर जागे होण्यापूर्वी पहाटे चारला उठून ती लिही. १८३४ मध्ये बेल्जियममधील ब्रूज येथे नवरा आणि मुलगा दोघेही मरणपंथाला लागलेले असताना औषधाच्या बाटल्या आणि दौत यांच्यामध्ये तिच्या कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या, हे तिच्या मुलानेच नोंदवले आहे. मुलाची ख्यातनाम पहाट आईच्या पहाटेवरूनच घेतलेली दिसते, परंतु त्याला पहाटे कॉफी घेऊन उठवण्यासाठी घोड्यांची निगा राखणारा एक म्हातारा नोकर होता, आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. आपल्या यशाचे श्रेय आपण या नोकराला देतो, असेही ट्रोलपने लिहिले आहे.

कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फने हा प्रश्न १९२९ मध्ये ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ या पुस्तकात थेट मांडला. कादंबरी लिहू पाहणाऱ्या स्त्रीला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे त्यातील प्रतिपादन सर्वपरिचित आहे. त्याच पुस्तकाच्या आरंभी विद्यापीठाच्या आवारात विचारांच्या तंद्रीत हिरवळीवरून चालणाऱ्या निवेदिकेला एक रखवालदार हटकतो, कारण हिरवळीवर चालण्याची मुभा पुरुष अध्यापकांनाच असते, आणि त्या खटक्याने तिच्या मनातला विचार निसटून जातो. या प्रसंगात फिरणे, सुचणे आणि व्यत्यय यांची गाठ थेट सामाजिक अधिकाराशी पडते. वुल्फ स्वतः मोठी चालणारी होती. १९२४ ते १९३९ या काळात ती लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात राहत होती, आणि ‘टु द लाइटहाउस’ (१९२७) ही कादंबरी त्या चौकाभोवती फेऱ्या घालताना एकाएकी सुचली असे तिने नोंदवले आहे. १८५१ ते १८६० या काळात डिकन्सचे टॅव्हिस्टॉक हाउसही याच चौकात होते. लंडनच्या रस्त्यांवरून संध्याकाळी हिंडण्यावर तिने १९२७ मध्ये लिहिलेल्या निबंधात बाहेर पडण्याचे निमित्त एक पेन्सिल विकत घेणे एवढेच आहे, आणि फिरण्यासाठी निमित्त लागावे याला त्या काळातील स्त्रीच्या वावराचा संदर्भ असणे संभवनीय आहे.

आजच्या लेखकाच्या दिवसात निरोपांना ठरलेली वेळ उरलेली नाही. डार्विनचे टपाल साडेनऊला येई आणि वाळूच्या वाटेवर त्याच्यामागे जात नसे. खिशातला मोबाइल फोन मात्र पोरलॉकच्या माणसाला फेरफटक्यावरही सोबत नेतो, त्यामुळे दिवसाचा जो भाग परिपाकासाठी राखीव होता तोच सर्वांत आधी भरून जातो. मेजावरचे तास वाचवून फेरफटका निरोपांच्या स्वाधीन करणारा लेखक अपसारी विचाराची वेळ गमावतो, आणि मग मेजापाशी बसून ती भरून काढण्याचा प्रयत्न करतो. थोर लेखकांच्या वेळापत्रकांचे अनुकरण करण्याचा सल्ला देणारी पुस्तके अलीकडे बरीच निघतात, परंतु त्यांत उठण्याची वेळ आणि शब्दसंख्या यांवरच भर असतो. त्या वेळापत्रकांतून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे एकाग्र कामाचे थोडे तास आणि मोकळ्या चालण्याचे तितकेच पक्के तास यांची जोडी, आणि प्रत्येक वेळापत्रक वाचताना विचारण्याजोगा प्रश्न म्हणजे त्या तासांत दार कोण सांभाळत होते. साडेपाचला लिहायला बसणाऱ्या ट्रोलपने त्याचे उत्तर निदान पाच पौंडांच्या रूपाने लिहून ठेवले. इतर अनेकांच्या बाबतीत ते बहिणींच्या रोजनिशांत आणि बायकांच्या पत्रांत शोधावे लागते.